धाकटीने वाचलेला क्लच

माझ्या धाकट्या जावेच्या गळ्यातली गाठ सापडली ती भर चौकात, दुसऱ्या गिअरमध्ये. दवाखान्यात नाही, आरशासमोर नाही, आणि नवऱ्याने प्रेमाने गळ्यात हात टाकल्यावर तर नाहीच नाही. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या पांढऱ्या गाडीत ती शिकवायला बसली होती. स्टिअरिंगवर होत्या मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमधल्या डॉक्टरीणबाई, ज्या लायसन्सच्या परीक्षेत तीनदा आपटल्या होत्या. धाकटी त्यांना ओरडून सांगत होती, "मान वळवा! वळायच्या आधी मान वळवून बघायचं, ही अशी!" आणि स्वतः मान वळवून दाखवत होती. डॉक्टरीणबाईंनी रस्ता सोडून त्या मानेकडेच बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, जरा थुंकी गिळा बघू."

"समोर बघा!"

"बघते. आधी गिळा."

धाकटीने गिळली. डॉक्टरीणबाईंनी गाडी बंद पाडली. मागे आठ-दहा भोंगे एकदम केकाटायला लागले, एक रिकामा ट्रक तर जवळजवळ डिकीला चिकटला, पण बाई शांतपणे म्हणाल्या, "गाठ आहे. गिळताना वरखाली होतेय. थायरॉइडची असणार. दाखवून घ्या." मग इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, "आता क्लच कुठला म्हणालात?"

हे सगळं धाकटीने मला ऑफिसात येऊन सांगितलं ते हसून हसून डोळे पुसत. मी ऑफिसात बसते. फॉर्म, फोटो, वेळापत्रक आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर डाफरणं हे माझं खातं. शिकवायचं खातं तिचं, दुरुस्तीचं खातं तिच्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचं, आणि या सगळ्यांवर नजर ठेवायचं खातं सासूबाईंचं. मला त्या दिवशी हसू आलं नाही. मी म्हटलं, "दात कसले काढतेस? उद्या सकाळी दवाखाना."

"अहो ताई, पण तो ट्रकवाला! त्याचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही!"

ती अशीच आहे. घाबरली की हिला हसू फुटतं. लग्नाच्या दिवशी हसत होती, परीक्षेच्या दिवशी हसत होती, आणि नऊ वर्षांत दोनदा दिवस राहून दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं आटोपलं, तेव्हाही दवाखान्याच्या जिन्यात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून आधी हसली आणि मग अर्ध्या तासाने रडली. आता तिसऱ्यांदा दिवस होते आणि चौथा महिना लागला होता. चौथा! आमच्या घरात तो आकडा कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. सासूबाई तर कॅलेंडरजवळून पाय न वाजवता जायच्या. आणि नेमकी याच वेळी ही गळ्यातली भानगड.

पायांवरून आठवलं. आमच्या गाड्यांना दोन क्लच आणि दोन ब्रेक असतात हे सगळ्यांना माहीत असतं. लोकांना माहीत नसतं ते हे, की दोन्ही क्लच आतून एकमेकांना तारेने जोडलेले असतात. शिकणाऱ्याने दाबला की शिकवणाऱ्याच्या पायाखालचाही खाली जातो. त्याने थरथरत सोडला की ती थरथर आपल्या तळव्याला कळते. ही शाळा सासूबाईंनी काढली आणि तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे आमच्या घरात माणूस चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, पायावरून ओळखतात. धाकटी तर सासूबाईंच्याही वरताण निघाली. सकाळच्या बॅचमधला कोण घरी भांडून आलाय, कोणाला नोकरी लागलीय, कोणाचं लग्न ठरतंय, हे ती तळव्याने सांगायची आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. एका बँकेतल्या साहेबांना तिने तिसऱ्याच दिवशी विचारलं, "बदली झाली का हो तुमची?" साहेब स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायलाच लागले. तो तास फुकट गेला, पण साहेबांनी बायकोचंही नाव आमच्याकडे घातलं.

तर दवाखाना. सोनोग्राफीच्या खोलीत मी तिच्याबरोबर होते. आधी पोटाची, मग गळ्याची. मशीन तेच, खोली तीच, थंडगार जेल तीच, माणूसही तोच. तो माणूस पोटावर असताना छान गप्पा मारत होता. बाळ केवढं आहे विचारलं तर म्हणाला, "लिंबाएवढं आहे आत्ता. बघा, कसं उड्या मारतंय." आम्ही दोघी पडद्याकडे बघत वेड्यासारख्या हसत होतो. मग तो गळ्यावर आला आणि त्याचं बोलणं थांबलं. गाठ केवढी आहे, हे धाकटीनेच विचारलं.

"द्राक्षाएवढी असेल," तो म्हणाला.

"वर द्राक्ष, खाली लिंबू. ताई, ड्रायव्हिंग स्कूल बंद करून फळांचं दुकान काढू या."

त्या माणसाला हसावं की नाही कळेना. मला कळत होतं, पण मीही हसले. खरं सांगायचं तर माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि हसण्याशिवाय दुसरं काही तोंडात येत नव्हतं. घरी येईपर्यंत तिने दोघांना नावंही देऊन टाकली होती. बाळ म्हणजे तळमजल्याचा भाडेकरू आणि गाठ म्हणजे वरच्या मजल्याचा. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे याच भाषेत बोलायला लागले. सासूबाई जेवताना विचारायच्या, "वरच्याचं काय म्हणाले?" आणि भाऊजी, ज्यांना एरवी इंजिनाशिवाय कशातलं काही कळत नाही, तेही गंभीरपणे म्हणायचे, "वरच्याला नोटीस द्यायला हवी."

सर्जनने मात्र भाडेकरू वगैरे काही न म्हणता सरळ सांगितलं. गाठीच्या कडा नीट नाहीत. सुई घालून त्यातल्या पेशी काढायच्या आणि तपासायच्या. सुईने बाळाला काही होत नाही. त्यातून तीन गोष्टी निघू शकतात. गाठ साधी असेल, तर विसरून जायचं. कॅन्सर असेल पण सावकाशीचा असेल, तर बाळंतपण होईपर्यंत थांबता येतं. आणि घाईचा असेल, तर पाचव्या महिन्यात, बाळ पोटात असतानाच, गळ्याचं ऑपरेशन. त्यात बाळाला धोका थोडा असतो. "थोडा," सर्जन म्हणाला, "पण नाही असं मी सांगणार नाही."

सुई झाली. अहवाल पुढच्या शुक्रवारी मिळणार होता.

त्या आठवड्यात आमचं भांडण झालं. ती ऑफिसात आली, माझ्या टेबलावर बसली (हे मला अजिबात खपत नाही) आणि पाय हलवत म्हणाली, "ताई, सांगून ठेवते. पोटात बाळ असताना मी भूल घेणार नाही. सुरी नाही, भूल नाही. मग वरच्या मजल्यावर काहीही असो."

"आणि घाईचं निघालं तर?"

"तरी नाही."

"म्हणजे मरायचं ठरवलंयस?"

"लिंबू ठेवायचं ठरवलंय."

मी शिक्क्याचं पॅड उचलून आपटलं. शाई उडाली ती माझ्याच बाहीवर आणि एका उमेदवाराच्या फोटोवर. त्या माणसाला निळी मिशी आली. धाकटी हसत सुटली. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. वेळापत्रक चिठ्ठीवर लिहून पाठवत होते. तिसऱ्या दिवशी तिनेच त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून पाठवलं, "मिशीवाले विचारतायत, दाढी कधी?" मग काय, बोलले. पण मुद्दा तिथेच राहिला. ती तिच्या जागी आणि मी माझ्या.

आता डॉक्टरीणबाई. सुईतून निघालेल्या पेशींच्या काचा ज्या लॅबमध्ये गेल्या, ती त्यांचीच लॅब. हे कळलं तेव्हा धाकटी टाळ्या पिटायचीच बाकी होती, पण डॉक्टरीणबाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "मी बघेन, माझे सर बघतील, अहवाल सर्जनकडे जाईल आणि तुम्हाला सर्जनच सांगतील. तोपर्यंत गाडीत गाठीचा विषय काढायचा नाही." धाकटी म्हणाली, "कबूल. तुम्हीही लॅबमध्ये माझ्या शिकवण्याचा विषय काढू नका." झाला करार.

बाईंचा क्लच कसा होता हे इथे सांगायलाच हवं. सोडायचा म्हणजे त्या सोडूनच द्यायच्या. गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. काचेखालच्या एवढ्याशा पेशी तासन्‌तास न कंटाळता बघणारी ही बाई, पण पाय म्हणजे नुसता गोंधळ. त्यांचा तास गुरुवारी संध्याकाळी पाचला असायचा, म्हणजे अहवालाच्या आदल्या दिवशी. घरात सगळ्यांना वाटत होतं, त्या येणार नाहीत. त्या आल्या. पाच म्हणजे पाचला.

सव्वासहाला धाकटी अंगणातून अक्षरशः पळत आली. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं पळतेस काय!" ती दारातच दोन्ही हात वर करून उभी राहिली.

"पास! आपण पास!"

"काय म्हणाल्या त्या?" मी उठलेच.

"काही नाही म्हणाल्या. एक अक्षर नाही. पण ताई, क्लच! एकदासुद्धा गाडी बंद पडली नाही. चढावर थांबवली, परत काढली, बोटभरही मागे घरंगळली नाही. क्लच असा वर येत होता, असा, झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसा. मनावर ओझं असलेल्या बाईचा पाय असा चालूच शकत नाही. त्यांनी काचा बघितल्यात आणि काचा स्वच्छ आहेत. लिहून घ्या माझ्याकडून."

भाऊजी पान्यासकट आत आले. सासूबाईंनी चष्मा लावला आणि उलटतपासणी घेतली.

"टाच जमिनीला टेकली होती?"

"पूर्ण वेळ."

"गिअर बदलताना गुडघा उचलला?"

"नाही आई. अजिबात नाही."

सासूबाई खुर्चीत मागे रेलल्या. "मग सुटलो," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पदरात तोंड लपवलं. तीस वर्षांच्या अनुभवाने दिलेला निकाल होता तो. त्यावर कोण काय बोलणार?

मग जे झालं ते सांगायला आता लाज वाटते. भाऊजी जाऊन आइस्क्रीमचा सगळ्यात मोठा डबा घेऊन आले. धाकटीने शिकाऊ गाडीची लाल 'एल'ची पाटी गळ्यात अडकवली आणि सासूबाईंना टेबलाभोवती दोन फेऱ्या नाचवलं. मी, जी कोणाला टेबलावर वही ठेवू देत नाही, मी स्वतः टेबलावर आइस्क्रीम वाढलं. तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ नाव नोंदवायला आले. त्यांच्या हातात आम्ही फॉर्मच्या आधी वाटी दिली आणि भाऊजींनी त्यांना पहिले चार तास फुकट जाहीर केले. गृहस्थांनी घाबरत घाबरत विचारलं, "काही विशेष आहे का?" सासूबाई म्हणाल्या, "वरचा भाडेकरू निरुपद्रवी निघाला." त्यांनी मान डोलावली आणि मुकाट्याने आइस्क्रीम खाल्लं.

शुक्रवारी सर्जनने फाइल उघडली आणि सांगितलं, "कॅन्सर आहे."

धाकटी म्हणाली, "शक्यच नाही."

"मला समजतं, धक्का बसतो..."

"नाही हो, डॉक्टर. क्लच अगदी नीट होता."

सर्जन माझ्याकडे बघायला लागला. मला काय झालं देव जाणे, मला हसू फुटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिलाही फुटलं. आम्ही दोन घोड्या बाया त्याच्या टेबलाला धरून हसत होतो, पोट दुखेपर्यंत, आणि भाऊजी पांढरेफटक पडून भिंतीला टेकले होते. "टाच... टाचसुद्धा टेकली होती!" धाकटी म्हणत होती. त्या बिचाऱ्याने पाण्याचे दोन ग्लास पुढे केले आणि आम्ही थांबायची वाट बघितली. चांगला माणूस होता. आम्ही थांबल्यावर तो जणू मध्ये काही झालंच नाही अशा आवाजात पुढे बोलला. सावकाशीचा प्रकार आहे. आजूबाजूच्या लसिकाग्रंथी स्वच्छ आहेत, म्हणजे तो पसरलेला नाही. ठरावीक दिवसांनी सोनोग्राफी करत राहायचं. सहाव्या महिन्यापर्यंत वाढली नाही, तर बाळंतपणापर्यंत हातसुद्धा लावायचा नाही.

"आधी बाळ येऊ दे," तो म्हणाला. "ही थांबेल."

"म्हणजे दोन्ही भाडेकरू राहणार?" तिने विचारलं.

"कोण?"

"राहणार," मी म्हटलं. "सध्या दोन्ही राहणार."

तेव्हा ती रडली. महिन्याभरात पहिल्यांदा. मी तिचं डोकं पोटाशी धरलं आणि सर्जनच्या पंख्याकडे बघत बसले, कारण खाली बघितलं असतं तर माझंही काही खरं नव्हतं.

तिथून ती तडक लॅबमध्ये गेली. मी मागे पळते आहे आणि ही पुढे. काउंटरवरच्या माणसाला न विचारता आत शिरली आणि डॉक्टरीणबाईंसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "फसवलंत मला! असला क्लच सोडलात आणि पोटात हे ठेवून?"

डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकावरून उठल्या. त्यांचे डोळे लाल होते. "बुधवारीच बघितलं होतं मी," त्या म्हणाल्या. "सरांनाही दाखवलं. गुरुवारचा तास रद्द करणार होते. पण रद्द केला असता, तर तुम्हाला लगेच कळलं असतं. म्हणून आले. आणि गाडीत बसल्यावर डोक्यात एकच होतं. हिला आज एकही धक्का बसता कामा नये. निदान आज तरी नाही. मला रस्ता दिसतच नव्हता, मॅडम. मी फक्त तुमच्यासाठी क्लच सोडत होते."

धाकटीने पुढे होऊन त्या बाईंना गच्च मिठी मारली, हातमोज्यांसकट. मी घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "पाय बरोबरच वाचलाय पोरीने. आपुलकी असली तरी टाच टेकतेच. मला सुचायला हवं होतं." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःची चूक कबूल केलेली मी ही एकदाच ऐकली. डॉक्टरीणबाई पुढच्या महिन्यात चौथ्या खेपेला लायसन्स पास झाल्या आणि आम्ही पुन्हा आइस्क्रीम आणलं. या वेळी कागद हातात आल्यावर.

वरचा भाडेकरू खरंच शहाण्यासारखा राहिला. द्राक्षाचं द्राक्षच. खालचा मात्र लिंबाचं संत्रं, संत्र्याचं कलिंगड करत गेला. धाकटीचं पोट डॅशबोर्डला लागायला लागलं तेव्हा भाऊजींनी सीट मागे सरकवली आणि तिच्या ब्रेकवर लाकडी ठोकळा बसवला. आठव्या महिन्यात मी तिच्या हातातून किल्ली काढून घेतली, अर्थात भांडूनच. पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. ती इतक्या मोठ्याने रडली, की सासूबाई म्हणाल्या, हिला भोंग्याची गरज पडणार नाही.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर ऑपरेशन ठरलं. आत जाताना धाकटी अर्थातच हसत होती. भाऊजी औषधांच्या रांगेत गेले, सासूबाई घरी फोनपाशी बसल्या आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मी आणि बाळ अशा दोघीच उरलो. अडीच तास. पहिला तास मी तिला खेळवलं. मग माझ्याच्याने राहवेना. मी तिला समोर धरलं आणि म्हटलं, "ऐक गं. तुझी आई आत आहे तोवर एक सांगून टाकते, नाहीतर जन्मभर घशात अडकून राहील. ज्या आठवड्यात अहवाल यायचा होता ना, त्या आठवड्यात मी रोज मनात एकच मागत होते. दोघींतली एकच राहणार असेल तर तुझी आई राहू दे. तुझी बाजू मी घेतलीच नाही. तिने तुला निवडलं आणि मी तिला निवडलं. तू तेव्हा कोण होतीस माझी? एक लिंबू. आणि ती माझी धाकटी. मला तिच्याशिवाय राहताच येणार नाही गं. राग आला असेल तर आत्ताच सांग."

तिने माझ्याकडे अगदी गंभीरपणे बघितलं. मग माझ्या खांद्यावर भडाभडा दूध ओकली. मी म्हटलं, ठीक आहे, फिटंफाट. तिला पुसत होते तेवढ्यात दार उघडलं आणि सर्जन टोपी काढत बाहेर आला. "छान झालं," तो म्हणाला. "अर्धी ग्रंथी काढलीय, बाकी सगळं स्वच्छ. आवाज थोडे दिवस बसलेला राहील."

"बसू दे," मी म्हटलं, "तेवढाच घराला आराम," आणि तिथल्या तिथे भोकाड पसरलं. बाळ दचकून माझ्याहून मोठ्याने रडायला लागलं. मी एकच मागितली होती आणि आता दोघीही घरी येणार होत्या. मला काही केल्या आवरेना. शेवटी आम्हाला गप्प करायला आतून नर्सला यावं लागलं.